आपल्या भिंतींतल्या तारांचा इतिहास

स्मरणिका समितीने मला लेख मागितला तेव्हा मी आधी नाही म्हणालो. पोस्टात उभी हयात गेली, लिहिणे म्हणजे रजिस्टरे आणि पावत्या. पण समितीतली मुले ऐकेनात. म्हणाली, "आजोबा, नोंदणी, भूमिपूजन, पहिला गणपती, बोअरवेल यांवर बाकीचे लिहितायत. तुम्ही सगळ्यांत जास्त वर्षं सचिव होता. जे कुणी लिहिणार नाही ते तुम्ही लिहा." मग मी प्रोसिडिंग बुकं काढून बसलो. त्यात एक पान सापडले. ते पान मला पाठ आहे, तरी पुन्हा वाचले. त्या पानामुळेच हा लेख तारांवर आहे.

आपली सोसायटी १९८६ साली नोंदली गेली आणि १९८८ च्या दसऱ्यापर्यंत बत्तीसही घरांचे गृहप्रवेश झाले, हे सगळ्यांना माहीत आहे. पण भिंतींच्या आतून काय गेले हे फार थोड्यांना ठाऊक आहे. कारण ते दिसत नाही.

थर्मलचे गाव

आमच्या पिढीचे बालपण चिमणीच्या आणि कंदिलाच्या उजेडात गेले. लग्नकार्याला गॅसबत्ती भाड्याने आणायची. घासलेट संपले की अभ्यास संपला. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि त्यानंतर हळूहळू मराठवाड्यातल्या गावांत खांब उभे राहू लागले. परळीच्या थर्मलचा पहिला ३० मेगावॅटचा संच १९७१ साली सुरू झाला, दुसरा तेवढाच १९७२ साली. म्हणजे ऐन दुष्काळात. मग १९८०, १९८५ आणि १९८७ साली २१० मेगावॅटचे तीन मोठे संच आले. सगळे मिळून ६९० मेगावॅट. पाचवा संच चालू झाला त्या वर्षी आपल्या घरांचे स्लॅब पडत होते. गच्चीवर उभे राहिले की एकीकडे वैजनाथाचे शिखर आणि दुसरीकडे चिमण्यांचे लाल दिवे. पाहुण्यांना आम्ही मोठ्या अभिमानाने सांगायचो, "अर्ध्या महाराष्ट्राला वीज आमच्या गावातून जाते बरं का." अर्धा महाराष्ट्र ही थाप होती, पण अभिमान खरा होता.

हे सांगायचे कारण असे की, वीज आमच्यासाठी देवासारखी होती. ती आली यातच सगळे आले. ती घरात कोणत्या तारेतून येते हे विचारायचे कुणाच्या डोक्यातही नव्हते.

तांबे की ॲल्युमिनियम?

तरीही एकदा विचारले गेले होते. १९८७ च्या उन्हाळ्यातल्या सभेचे इतिवृत्त आहे. ठेकेदाराने वायरिंगचे दोन दर दिले होते, एक तांब्याच्या तारेचा आणि दुसरा ॲल्युमिनियमच्या तारेचा. दर घरामागे जो फरक पडत होता, त्यात एका खोलीची शहाबादी फरशी बसत होती. त्या वेळी स्वयंपाकघर सोडून बाकी खोल्यांत नुसता कोबा करायचा, असे ठरत आले होते. ॲल्युमिनियम घेतले की बैठकीत फरशी येणार. हात वर करून मतदान झाले. ॲल्युमिनियमच्या बाजूने बहुतेक सगळे. त्यात माझाही हात होता.

आज कुणी म्हणेल की ठेकेदाराने फसवले. तसे नाही. त्या काळी घरगुती वायरिंगच्या तारांचे जे भारतीय मानक होते, क्रमांक ६९४, त्यात तांबे आणि ॲल्युमिनियम दोन्हीच्या तारा बसत होत्या. आयएसआयचा शिक्का दोन्हींवर असायचा. सरकारचेही धोरण ॲल्युमिनियम वापरा असेच होते, आणि त्याला कारण होते. आपल्या देशात तांबे थोडे. राजस्थानात खेत्री, घाटशिलेकडचा पट्टा, नंतर मध्य प्रदेशात मलांजखंड, एवढ्यावर भागत नव्हते. उरलेले परदेशातून आणायचे म्हणजे परकीय चलन मोजायचे, आणि साठ-सत्तरच्या दशकात परकीय चलन म्हणजे सोन्याहून दुर्मीळ. उलट ॲल्युमिनियमचे खनिज बॉक्साइट आपल्याकडे भरपूर. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या डोंगरांवर ते मिळते, आणि ते वापरणारा मोठा कारखाना शेजारी बेळगावला उभा राहिला. देशाच्या दृष्टीने हिशोब सरळ होता.

गंमत म्हणजे ॲल्युमिनियम स्वस्त झाले तेच विजेमुळे. १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम वेगळे काढण्याची एकच पद्धत शोधली. त्याआधी हा धातू फार महाग होता. बरोबर शंभर वर्षांनी आपल्या सोसायटीची नोंदणी झाली, हा निव्वळ योगायोग. आजही एक टन ॲल्युमिनियम काढायला चौदा-पंधरा हजार युनिट वीज लागते. आपल्यातलेच एक सभासद, थर्मलमधून निवृत्त झालेले फोरमन, नेहमी म्हणत, "भाऊ, ॲल्युमिनियमचं भांडं म्हणजे गोठवलेली वीज आहे."

धातू वाईट नव्हता

फोरमनकाकांकडून मी जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो. ते स्वतः आता नाहीत. त्यांनी सोसायटीला जे दिले त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही.

ते सांगायचे, ॲल्युमिनियमला उगीच शिव्या देऊ नका. आपल्या शेतांवरून, रस्त्यांवरून जाणाऱ्या लायनी सगळ्या ॲल्युमिनियमच्याच आहेत. मध्ये पोलादी तार आणि भोवती ॲल्युमिनियमच्या तारांचा पीळ. त्यांच्या जाडीप्रमाणे प्राण्यांची नावे दिलेली असतात. बारीक ती स्क्विरल म्हणजे खारूताई, मग वीझल, रॅबिट, डॉग, आणि मोठ्या मनोऱ्यांवरची पँथर आणि झेब्रा. लायनमन लोक आजही "इथं रॅबिट ओढलीय" असेच बोलतात. उघड्या हवेत, मोठ्या जाडीत आणि योग्य दाबाचे जोड असले की ॲल्युमिनियम वर्षानुवर्षे इमानाने काम करते.

खोट येते ती बारीक तारेत, आणि तीही मधल्या तारेत नाही. खोट येते जोडात.

पहिली गोष्ट, ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर लगेच ऑक्साइडचा पातळ थर चढतो. तो थर वीज नीट जाऊ देत नाही. तांब्यालाही काळपटपणा येतो, पण तो इतका आडवा येत नाही. दुसरी गोष्ट, हा धातू मऊ. स्क्रूखाली दाबला की हळूहळू सरकतो, दबून पसरतो, आणि आज घट्ट केलेला स्क्रू चार वर्षांनी ढिला लागतो. तिसरी गोष्ट, तापले की ॲल्युमिनियम तांबे-पितळेपेक्षा जास्त फुगते. दुपारी इस्त्री लावली, तार फुगली. बंद केली, तार आकसली. असे रोज. चौथी गोष्ट, सोलताना ब्लेडचा चरा पडला की ही तार दोन-तीनदा वाकवल्यावर तिथेच तुटायला येते. आणि तांब्याच्या तारेला ॲल्युमिनियमची तार नुसता पीळ देऊन जोडली, वर पावसाळ्याची ओल मिळाली, की दोन धातूंच्या भांडणात ॲल्युमिनियम झिजत जाते.

या सगळ्याचा परिणाम एकच. जोडाच्या जागी अडथळा वाढतो, अडथळा वाढला की उष्णता वाढते, उष्णतेने जोड आणखी ढिला होतो. हे चक्र भिंतीच्या आत, बोर्डाच्या मागे, वर्षानुवर्षे चालू राहते.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचे, जे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. असा ढिला जोड तापत असताना फ्यूज जात नाही. फ्यूज किंवा एमसीबी जातो तो ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वीज वाहिली तर. ढिल्या जोडातून वीज जास्त वाहत नाही. जेवढी वाहायची तेवढीच वाहते, फक्त त्या एका ठिकाणी आग होते. गळतीवर तुटणारा ईएलसीबीही हे ओळखत नाही. म्हणून "आमच्याकडं एमसीबी आहे, आम्हाला काय भीती" असे म्हणू नये.

ते पान

फेब्रुवारी २००३. मासिक सभा. विषय क्रमांक ५, आयत्या वेळचे विषय. अक्षर माझे आहे.

"घर क्र. ११ मधील सभासदांच्या पत्नीने बैठकीतील प्लगचे बटन गरम होते व जळका वास येतो अशी तक्रार सांगितली. नोंद घेतली."

एवढेच. पुढचा विषय कंपाउंड वॉलच्या रंगाचा, त्यावर दीड पान.

मला तो दिवस आठवतो. काकू स्वतः सभेला आल्या नव्हत्या. सकाळी मी दूध घेऊन येत होतो तेव्हा त्या फाटकात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, जरा कुणाला तरी पाठवा ना. हे बटन हाताला चटका देतंय. गुरुजी म्हणतात, हिवाळाभर हीटर लावला म्हणून असंल. पण मला काही बरं वाटंना." मी म्हणालो, "सभेत घेतो वहिनी." आणि घेतले. सभेत कुणीतरी म्हणाले की घरातले वायरिंग ही ज्याची त्याची जबाबदारी आहे, सोसायटीची नाही. कायद्याने ते बरोबरच होते. मी "नोंद घेतली" लिहिले आणि पान उलटले.

मे महिन्यात, रात्री दोनच्या सुमारास, ११ नंबरच्या बैठकीत आग लागली. उन्हाळा असा की रात्रीही भिंती गरम. त्याच सॉकेटवर कूलर आणि फ्रिज दोन्ही चालू होते. बोर्ड लाकडी पेटीचा. बोर्डाने पेट घेतला, मग पडदा, मग शेजारचे पुस्तकांचे कपाट. आवाज झाला म्हणून आम्ही धावलो. समोरच्या मुलाने मीटरच्या पेटीतला मेन स्विच ओढला, मग बादल्यांनी पाणी. मेन ओढण्याआधी पाणी मारू नका असे ओरडणारे फोरमनकाका होते. नाहीतर आणखी काय झाले असते, त्याची कल्पना करवत नाही.

जीव वाचले. पडदा ओढून काढताना काकूंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पहाटेच अंबाजोगाईला नेले. हात बरा झाला, पण बोटे पूर्वीसारखी मिटत नाहीत. गुरुजींची चाळीस वर्षांची पुस्तके गेली. गुरुजी काही बोलले नाहीत. काकू पंधरा दिवसांनी घरी आल्या. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "बसा भाऊजी, चहा टाकायला सुनेला सांगते." मला रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

बोर्ड उघडले

त्यानंतरच्या रविवारी आम्ही घरोघर फिरलो. फोरमनकाका, त्यांनी आणलेला परवानाधारक वायरमन, आणि वही घेऊन मी. घराचा मेन बंद करायचा, टेस्टरने खात्री करायची आणि बोर्ड उघडायचा. निम्म्याहून जास्त घरांत किमान एक तरी बोर्ड आतून काळा निघाला. कुठे प्लॅस्टिकचे आवरण वितळून तार उघडी. कुठे बोट लावताच तार तुटून हातात. पिळाचे जोड, वर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टी वाळून पापडासारखी झालेली. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, मिक्सरच्या बोर्डामागे, तेच. मिसेस म्हणाली, "म्हणजे मी रोज इथं उभी असते."

घरे झाली तेव्हा दर घरात चार ट्यूब, तीन पंखे आणि फार तर एक टीव्ही होता. वायरिंग तेवढ्याच बेताने केले होते. पंधरा वर्षांत फ्रिज, मिक्सर, कूलर, गीझर आले. दोन हजार वॅटचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. चाळीस वॅटच्या ट्यूबला त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी वीज पुरते. तार तीच, जोड तेच. त्यात जिथे नवा पॉइंट वाढवला, तिथे वायरमनने तांब्याची तार जुन्या ॲल्युमिनियमला पिळून जोडलेली. ते जोड सगळ्यांत वाईट निघाले.

त्याच सुमारास एका सभासदाच्या अमेरिकेतल्या मुलाने काही कागद छापून पाठवले. ते वाचून आम्ही थक्क झालो. म्हणजे हे आपल्याकडेच नव्हते! तिकडे १९६५ नंतर तांबे महागले म्हणून १९७३ पर्यंत सुमारे २० लाख घरांत ॲल्युमिनियमचे वायरिंग झाले. १९७४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्यात हॅम्प्टन बेज या गावी एका घराला आग लागून दोन माणसे गेली. सॉकेटपाशी ॲल्युमिनियमच्या तारेचा जोड बिघडला होता. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने अभ्यास करून घेतला. १९७२ पूर्वीचे ॲल्युमिनियम वायरिंग असलेल्या घरांत सॉकेटचे जोड आगीच्या धोक्यापर्यंत पोचण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट, असा निष्कर्ष निघाला. सभेत मी हा आकडा मोठ्याने वाचला. फोरमनकाकांनी मला लगेच थांबवले. म्हणाले, "तो आकडा त्यांच्या घरांचा आहे. तिथं १२० व्होल्ट, आपल्याकडं २३०. तेवढ्याच वॅटला आपल्याकडं निम्मा करंट जातो. ५५ म्हणून लोकांना घाबरवू नका. पण आपले काळे बोर्ड आपण डोळ्यांनी पाहिलेत, तेवढं पुरे."

दुरुस्ती की बदल?

जूनमधली विशेष सर्वसाधारण सभा रात्री बारापर्यंत चालली. तीन मते होती.

पहिले मत, सगळे स्क्रू आवळून घ्या. स्वस्त. फोरमनकाका म्हणाले, मऊ धातू पुन्हा दबणार, आणि आवळताना बारीक तार तुटणार.

दुसरे मत, भिंतीतली तार राहू द्या, प्रत्येक बोर्डात तांब्याचा छोटा तुकडा जोडून तो स्विचला द्या. अमेरिकेत हे करतात, पण तिथे त्यासाठी खास दाबयंत्र आणि खास जोडणी वापरतात, शिकलेला माणूस करतो. नुसत्या पिळाने केले तर तोच सगळ्यांत वाईट प्रकार, जो आपल्या बोर्डांत सापडला. तसले यंत्र इथे मिळेना.

तिसरे मत, सगळी तार ओढून काढा आणि तांबे घाला. पक्के, पण महाग.

एक सभासद उठले, त्यांचे म्हणणे मला आजही चुकीचे वाटत नाही. म्हणाले, "माझी मुलगी लग्नाची आहे. घरात आग लागंल तेव्हा लागंल, लग्न तर या वर्षी आहे." सभा गप्प झाली. तेवढ्यात मागून गुरुजी उभे राहिले. आगीनंतर ते पहिल्यांदाच सभेला आले होते. एवढेच म्हणाले, "१९८७ ला आपण सगळ्यांनी हात वर करून फरशी घेतली. माझाही हात होता. आता सगळ्यांनी मिळूनच फेडू." आणि बसले.

ठराव झाला. प्रत्येकाने आपल्या घराचा खर्च करायचा, पण ज्याला जड जाईल त्याला दुरुस्ती निधीतून बिनव्याजी आगाऊ रक्कम, ३६ हप्त्यांत फेड. खांबांवरचे दिवे आणि पंपाचे वायरिंग सोसायटीच्या खर्चाने. आधी कुणाचे घर, यावर कुरबूर नको म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. गुरुजींच्या नातीने उचलल्या. ११ नंबर मात्र चिठ्ठीशिवाय पहिले.

काम असे चालले. जुन्या तारेच्या टोकाला नवी तार बांधून पाइपमधून ओढायची. बऱ्याच ठिकाणी सरकन आली. काही ठिकाणी स्लॅबमध्ये पाइप चेपलेला, तिथे भिंतीवरून केसिंग-कॅपिंगची पट्टी मारावी लागली. घर चांगले दिसत नाही म्हणून सुना नाराज झाल्या, त्या पट्ट्या अजून आहेत. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, प्लगला अडीच, गीझर-कूलरच्या जाड लायनीला चार. किटकॅट फ्यूज गेले, एमसीबी आले. अर्थिंगचे खड्डे उपसून नवे केले, कारण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंग नावालाच उरते. शेवटी मेगर लावून प्रत्येक घराची तपासणी केली आणि वायरमनच्या सहीचा दाखला फाइलला लावला.

पहिल्या वर्षी अठरा घरे झाली. बाकीचे म्हणाले, पुढच्या दिवाळीनंतर बघू. इथे आम्ही कमी पडलो. मी जोर लावायला हवा होता. २००४ पासून जगात तांब्याचे भाव चढू लागले आणि २००६ साली २००३ च्या तिपटीच्या वर गेले. जे काम पहिल्यांच्या ऐपतीत होते ते मागे राहिलेल्यांच्या आवाक्याबाहेर गेले. त्यात भारनियमन. वीज जाणार, येणार, आल्याबरोबर सगळी यंत्रे एकदम सुरू. जुने जोड पुन्हा तापायचे, गार व्हायचे. त्या दोन उन्हाळ्यांत मी रात्री उठून सोसायटीत चक्कर मारायचो, कुठे वास येतो का पाहायला. हे आज पहिल्यांदाच सांगतोय.

शेवटी २००७ साली, माझ्या सचिवपदाच्या शेवटच्या वर्षी, बारा घरे एकदम करून घेतली, म्हणजे ठोक भाव मिळाला. तीन घरांना हप्तेही झेपत नव्हते. त्यांचे पैसे कुणी भरले ते लिहायचे नाही असे तेव्हाच ठरले आहे, म्हणून लिहीत नाही. निघालेली ॲल्युमिनियमची तार भंगारात विकली. आलेल्या पैशांतून सभागृहातले दोन पंखे घेतले. आज स्मरणिका-प्रकाशनाला आपण त्याच पंख्यांखाली बसणार आहोत.

उरलेले काम

अठरा आणि बारा, तीस झाली. घरे बत्तीस आहेत.

दोन घरांचे मालक पुण्याला असतात. घरे भाड्याने आहेत, आणि त्यांच्या भिंतींत अजून १९८८ ची तार आहे. त्यांतल्या एका घरात दोन लहान मुले आहेत आणि गेल्या वर्षी तिथे एसी बसला. मालकांना मी पत्रे लिहिली आहेत, फोन केले आहेत. ही स्मरणिका त्यांनाही टपालाने जाणार आहे. त्यांनी हा लेख वाचावा एवढ्यासाठी मी तो लिहायला घेतला, हे मी लपवत नाही. घरे जोडीची आहेत. एका घरातली आग भिंत विचारत नाही.

नव्या पिढीलाही थोडे सांगतो. बटन किंवा प्लग हाताला गरम लागला, दिवा विनाकारण लुकलुकला, बोर्डाजवळ जळका किंवा मासळीसारखा वास आला, सॉकेटवर पिवळा-काळा डाग दिसला, तर तो प्लग वापरू नका, त्या लायनीचा एमसीबी पाडा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. स्वतः बोर्ड उघडू नका. नवी तार घेताना आयएसआय खूण बघा आणि टोक ब्लेडने खरवडून बघा. वरून तांबे आणि आत पांढरी निघणारी तारही बाजारात मिळते. तांब्याचे जोडसुद्धा ढिले होतात, म्हणून पाच वर्षांतून एकदा सगळे बोर्ड तपासून घ्या. २००७ च्या घरांची मुदत पुढच्या वर्षी येते, २००३ च्या घरांची होऊनही गेली.

गुरुजी तीन वर्षांपूर्वी गेले. काकू आहेत. रौप्यमहोत्सवाच्या दिवशी दीपप्रज्वलन त्यांच्या हस्ते व्हावे अशी सूचना मी समितीला केली होती, ती मान्य झाली आहे. मी निरोप द्यायला गेलो तर हसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, आता मला डाव्या हातानं लावायला लागंल."

नव्या सचिवांना, तरुण आहेत म्हणून, एक विनंती. कुणी येऊन सांगितले की बटन गरम लागते, तर सभेची वाट पाहू नका. त्याच दिवशी जाऊन हात लावून बघा. नोंद नंतर घ्या.